अंगठा बॉलमधून वेळेवर सुटत नाही, मदत हवी आहे

टेनपिन बोलिंगसाठी (बॉल घरंगळवून पिना पाडायचा खेळ) फिंगरटिप ग्रिपचा १४ पौंडी बॉल नवीन ड्रिल करून, म्हणजे बोटांची भोकं पाडून, घेतलाय. मधलं बोट आणि अनामिका पहिल्या पेरापर्यंत छान बसतात. अंगठ्याचा मात्र वैताग आहे! बोटांआधी सुटायच्या ऐवजी तो मागे अडकतो, बॉल लेनवर धपकन आदळतो आणि अंगठ्याच्या मुळाशी फोड येतो. भोक सैल केलं तर बॉल निसटेल म्हणून पेर वाकवून आवळलं जाणार, म्हणजे पुन्हा तेच. खेळता खेळता अंगठा सुजला की भोक घट्ट बसावं म्हणून आत लावलेली एक टेप काढते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

पकडताना अंगठा आणि तर्जनीमधली कातडी ताणली जाते. मग स्पॅनच (अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर) लांब आहे का? की रिव्हर्स पिच (अंगठ्याच्या भोकाचा तळहातापासून दूर जाणारा कल) थोडा वाढवून भागेल? भोकाची कड आधी घासून बघू का? भोक प्लग करून (बुजवून) पुन्हा ड्रिल करणं शक्यतो टाळायचंय. जाणकारांनी कृपया सांगा.