रूथ गॉर्डनला ‘उशिरा यश’ मिळालं म्हणणं बरोबर आहे का?

नाट्यवेडी: या अमेरिकन अभिनेत्रीचं नाव निघालं की ‘७२ व्या वर्षी ऑस्कर’ हे पालुपद ठरलेलं. ‘रोझमेरीज बेबी’ या भयपटासाठी (१९६८) सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, मान्य. पण नाट्यशाळेने ‘पुन्हा येऊ नकोस’ म्हणून घरी पाठवलेली ही मुलगी १९१५ सालीच ब्रॉडवेवर उभी राहिली. १९३६ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक थिएटरात ‘द कंट्री वाइफ’ नाटक केलं, १९३७ मध्ये ब्रॉडवेवर इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’मधली नोरा. उशीर झाला तो हॉलिवूडला. त्याचं खापर तिच्या कारकिर्दीवर का?

सह्याद्री: नाही पटत. नाटकाची कीर्ती थिएटरात बसलेल्यांपुरती. १९४३ नंतर थेट १९६५ पर्यंत ती पडद्यावर नव्हती. जगभरच्या प्रेक्षकांना ती सत्तरीच्या उंबरठ्यावरच भेटली. ऑस्कर घेताना तीच म्हणाली, पहिला सिनेमा १९१५ चा आणि आता १९६९ उजाडलंय. अशा बक्षिसाने किती हुरूप येतो म्हणून सांगू, असंही म्हणाली! वर्षं तिनेच मोजून दाखवली.

नाट्यवेडी: अहो, मधल्या काळात ती लिहीत होती! नवरा गार्सन कानिन याच्यासोबत ‘अ डबल लाइफ’, ‘अ‍ॅडम्स रिब’, ‘पॅट अँड माइक’. तिन्ही पटकथांना ऑस्कर नामांकन. ‘अ‍ॅडम्स रिब’मध्ये वकील नवरा-बायको एकाच खटल्यात समोरासमोर येतात आणि कोर्टातलं भांडण घरी जेवणापर्यंत पोचतं. १९४९ मध्ये असं लिहिणाऱ्या बाईला यश अजून मिळायचं बाकी होतं?

अनुया: ‘रोझमेरीज बेबी’चा शेवट आठवा. रोझमेरीच्या हातून सुरी पडते आणि जमिनीत रुतते. शेजारीण मिनी झालेली गॉर्डन ती उपसते आणि लाकडावर ओरखडा उठला का ते हाताने चोळून बघते. एवढं भयंकर घडतंय आणि हिला जमिनीची काळजी! अंगावर काटा येतो. हे पन्नास वर्षांच्या रंगभूमीचं काम आहे. म्हणून मी नाट्यवेडी यांच्या बाजूने. पण ऑस्करनंतर तिच्या वाट्याला बहुतेक विक्षिप्त म्हाताऱ्याच आल्या. ‘हॅरॉल्ड अँड मॉड’ हा सिनेमासुद्धा १९७१ मध्ये आपटलाच, प्रेक्षक पुढे हळूहळू जमला. त्याचा राग येतो मला.

सह्याद्री: तिची गुणवत्ता मी नाकारतच नाही. पण ‘अ‍ॅडम्स रिब’ बघून आलेल्या कुणालाही विचारा, त्यातल्या नायक-नायिकेची, ट्रेसी आणि हेपबर्न ही नावं येतील, लेखिकेचं नाही. काम होतं, नाव नव्हतं. तोच तर उशीर, आणि तो शब्द पुसला तर तिच्यावरचा अन्यायही पुसला जाईल.