शोपँचा ओपस ४२ वॉल्ट्झ जमेल का?

सांगलीत विश्रामबागला राहतो, लहानपणापासून पेटी आणि आता तीन वर्षं पियानो, शोपँ या संगीतकाराचा हा १८४० चा वॉल्ट्झ (तीनच्या ठेक्यातली नाचाची रचना, ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) घ्यावा म्हणतोय पण सर नको म्हणतात. एवढा अवघड आहे का?

उत्तर १: सरांचं ऐक रे. डाव्या हातात तीनचा ठेका आणि उजवीकडची चाल तेवढ्याच वेळात दोनची, मी मांडीवर ठोकून बघितलं तर आठवडाभर डावा उजव्याच्या मागंच पळत होता. त्यात पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर गेलेला, खर्जावरून कॉर्डवर (एकत्र दाबायच्या सुरांवर) उडी मारायची सवयच नसते.

उत्तर २: आधी शोपँचाच ओपस ६४ नंबर २ वॉल्ट्झ कर, तोही सोपा नाहीच, मधे बोटं पळवतो. आणि ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर नको.

प्रश्नकर्ता: भात्याचं खरंय राव, डावा हात अजून हवाच मारतोय 😄