नीती, नीतिशास्त्र आणि मानशीचं दार

खाजनकन्या, फोंडा
एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलंय. सरांनी सांगितलं, नीती (मॉरॅलिटी) म्हणजे समाजात चालत आलेले आचारनियम आणि नीतिशास्त्र (एथिक्स) म्हणजे त्या नियमांची चिकित्सा. वहीत उतरवून घेतलं, पण घरी आल्यावर ते बसेना.

आमच्या गावात खाजन शेती आहे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती. यंदाच्या पावणीत, म्हणजे लिलावात, मानशीवरची (बांधातल्या पाण्याच्या दारावरची) मासेमारी माझ्या भावाला मिळाली. मानशीचं दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. ओहोटीला जाळं लावायचं, एवढाच त्याचा हक्क. पण भरतीलाही दार अडकवून ठेवलं की खाऱ्या पाण्याबरोबर मासळी जास्त आत येते. तो तेच करतो. शेजारच्या काकींचं कोरगुट भात थोडाफार खारेपणा सोसतं, पण दिवसेंदिवस साचलेलं पाणी नाही. त्यांचं शेत पिवळं पडलंय. भाऊ म्हणतो, "सगळेच पावणीवाले असं करतात." मग ही गावची नीती झाली का? आणि मला आतून टोचतंय ते काय?

निवृत्त मास्तर, डिचोली
ग्रीक 'एथोस' आणि लॅटिन 'मोस', दोन्हींत चालरीतीचाच अर्थ आहे. 'एथिकोस' या ग्रीक शब्दाला लॅटिन पर्याय हवा म्हणून रोमन विचारवंत सिसेरोने 'मोरालिस' हा शब्द घडवला. म्हणजे एथिक्स आणि मॉरॅलिटी यांत मुळात फरक नव्हताच. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने १८२० च्या सुमारास तो ठळक केला: माणसाच्या विवेकाला पटलेलं ते 'मोरालिटेट', आणि कुटुंब, समाज, राज्य यांच्या व्यवस्थेत जगलं जातं ते 'झिट्लिशकाइट'. तुझी टोचणी पहिल्यातली, बाळ. बांध आणि मानस सांभाळायचे गावकरीचे (गावच्या सामूहिक संस्थेचे) नियम दुसऱ्यातले. भाऊ सांगतो ती नुसती सवय.

बांधावरचा, तिसवाडी
ताई, 'सगळे करतात' याला रीत म्हणू नका. आमच्याकडे बांध फुटला की ज्याचं शेत तिथे नाही तोही चिखल घेऊन धावायचा. रीत ती.

वाचक, म्हापसा
मास्तरांच्या उत्तरात एक भर. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नर्ड विल्यम्सने १९८५ मध्ये वेगळी रेघ ओढली. त्याच्या मते 'कसं जगावं?' हा सॉक्रेटिसचा प्रश्न म्हणजे एथिक्स, आणि तो फार मोठा आहे. मॉरॅलिटी हा त्यातलाच एक अरुंद भाग, कर्तव्य आणि दोष यांच्या हिशेबाचा. तुम्ही फक्त भावाचा दोष शोधताय की तुमच्या घराने कसं जगावं हेही विचारताय?

खाजनकन्या
हा शेवटचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून गेला नाही. माझी या सत्राची फी त्याच मासळीच्या पैशातून भरलीय. हे मी वर लिहिलं नव्हतं, लिहायला हवं होतं. सरांची व्याख्या चूक नाही, पण तिच्यात मी कुठेच नव्हते.

काल रात्री भरतीच्या वेळी मानशीवर गेले. दाराला अडकवलेलं लाकूड काढलं. पाण्याच्या जोराने दार धाडकन मिटलं. सकाळी भावाला मीच सांगितलं. तो अजून बोललेला नाही. संध्याकाळी काकींकडे जाणार आहे, फीचंही सांगणार आहे.