जोत्तोच्या चित्रात त्या दोघींची पाठ आपल्याकडे काऊन आहे?

बर्डीवाला
नमस्कार मंडळी, चित्रकला शिकलेलो नाही, म्हणून चुकलं तर सांगा. सीताबर्डीला जुन्या पुस्तकांत इटालियन चित्रांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं, त्यात इटलीतल्या पादुआ शहरातल्या स्क्रोव्हेन्यी चॅपलमधलं जोत्तो नावाच्या चित्रकाराचं भित्तिचित्र आहे, १३०५ च्या आसपासचं. येशूला क्रुसावरून खाली उतरवलंय आणि मरीया पोराच्या गळ्यात हात घालून अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन बघून राहिली. पण मला सगळ्यात जास्त भरून आलं ते समोर बसलेल्या दोन बायांकडं बघून, ज्यांचा चेहराच दिसत नाही. मागच्या उन्हाळ्यात आजोबा गेले तेव्हा मी पुण्याहून पोचलो तर दारातून आधी दिसल्या त्या बायांच्या पाठी, डोक्यावर पदर, आणि पाठीवरूनच समजलं की ही आत्या, ही मोठी काकू. हे त्या माणसाला सातशे वर्षांआधी कसं सुचलं? आणि वर कोपऱ्यात ते एकच वाळकं झाड आहे त्याचा काही अर्थ असतो का?

खडू_फळा
शाळेत ड्रॉइंग शिकवते. त्याच्या आधीच्या चर्चमधल्या चित्रांत संत लोक बहुतेक आपल्याकडं तोंड करून, मागे सोनेरी रंग, पायाखाली जमीन आहे का नाही तेच कळत नाही. जोत्तोनं त्यांना मातीत बसवलं. दोघी पाठमोऱ्या आहेत म्हणजे त्या येशूच्या अलीकडं आहेत, आपल्या बाजूला, म्हणजे ते रडणाऱ्यांचं कोंडाळं आपल्यापर्यंत येतं आणि आपण त्यांच्या मागं उभे असतो, तुम्ही दारात उभे होता तसेच. आणखी एक बघा, मुख्य चेहरे मधोमध नाहीत, खाली डावीकडं आहेत, आणि मागचा खडक तिरपा उतरत नजरेला बरोबर तिथंच नेतो, सुरुवात त्या वाळक्या झाडापासून. झाडाचा अर्थ बरेच अभ्यासक एदेन बागेतल्या झाडाशी जोडतात, आदमानं फळ खाल्लं तेव्हापासून वाळलेलं. मला विचाराल तर तो अर्थ माहीत नसला तरी झाड आपलं काम करतंच. वरचे देवदूत मात्र झूम करून एकेक बघा, कोणी तोंड झाकलंय, कोणी हात पसरलेत, आणि खाली येशूचा शिष्य योहान, त्यानं दोन्ही हात मागं फेकलेत, तेच दुःख आकाशातही चाललंय.

ओला_गिलावा
आमच्याकडं पिढीजात गिलाव्याचं काम, म्हणून थोडं सांगतो. हे चित्र फ्रेस्को आहे, म्हणजे ओल्या चुन्यावर रंग, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंग त्यातच अडकतो, म्हणून एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. चुकलं तर खरवडून परत. त्या आईचा चेहरा असा घाईत, गिलावा वाळायच्या आत काढलाय हे डोक्यात ठेवून बघा! निळा मात्र ओल्या चुन्यावर नीट टिकत नाही म्हणून वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवून लावायचे, म्हणून तोच जास्त उडालाय. अजिंठ्याला काम कोरड्या गिलाव्यावर आहे, त्यामुळं आपण सरसकट फ्रेस्को म्हणतो ते तितकंसं बरोबर नाही.

वर्धारोड
मी बघून आलेय. आधी पंधरा मिनिटं बाहेरच्या खोलीत बसवतात, आतली हवा बिघडू नये म्हणून, मग आत फक्त पंधरा मिनिटं. वर निळं छत आणि सोनेरी तारे. बांधणारा एन्रिको स्क्रोव्हेन्यी, त्याचा बाप सावकार होता, इटालियन कवी दान्तेनं आपल्या काव्यात त्या बापाला नरकात दाखवलंय, आणि त्या पापाच्या प्रायश्चित्तासाठी हे बांधलं असं बरेच जण मानतात. आपल्या विदर्भातल्या माणसाला सावकार म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पण बर्डीवाला दादा, तुम्ही त्याच्या शेजारचं चित्र बघा. शोकाच्या चित्रात मग्दालीया मरीया, म्हणजे आई नव्हे, येशूची शिष्या, येशूचे पाय हातात धरून बसलीय. लगेच पुढच्या चौकटीत येशू उठलाय, ती गुडघ्यावर, हात पुढं केलेत, आणि तो सांगतो मला शिवू नकोस. मेलेल्याला धरता आलं, जिवंत झाला तर हात रिकामे. मी तिथंच अडकले, बाकी भिंती नीट बघायच्याच राहिल्या.

बर्डीवाला
ताई, पुस्तकात ते चित्र पान उलटल्यावर आहे, त्यामुळं दोन्ही शेजारी कधी पाहिलीच नव्हती. आता मोबाइलवर फोटो काढून बाजूबाजूला लावले. मोठ्या काकूला दाखवायला जातो आज संध्याकाळी, आजोबांचे पाय धरून तीच बसली होती.