लँडसीरचा शोक करणारा कुत्रा: दुःख त्याचं की आपण चिकटवलेलं?

खडूफळा: इंग्लिश चित्रकार एडविन लँडसीरचं १८३७ सालचं चित्र आहे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये. म्हातारा मेंढपाळ गेलाय, साध्या लाकडी शवपेटीवर घोंगडी टाकलीय आणि त्याचा कुत्रा तिच्यावर हनुवटी टेकून बसलाय, खोलीत दुसरं कुणीच नाही. शीर्षकातच कुत्र्याला मेंढपाळाचा 'मुख्य शोककर्ता' म्हटलंय. प्राण्यांना माणसाच्या भावना देणाऱ्या चित्रांत मला हे सगळ्यात प्रामाणिक वाटतं. याच लँडसीरने १८४० मध्ये पूडलला न्यायाधीश करून कायद्याच्या पुस्तकावर पंजा ठेवायला लावला, ते मला अजिबात पटत नाही, तिथे कुत्रा नुसता वकिलांना चिमटा काढायला वापरलाय.

उभीरेघ: उलट वाटतं मला. पूडल सरळ सोंग आहे, बघणाऱ्याला ते कळतं. अमेरिकन चित्रकार कूलिजच्या पत्ते खेळणाऱ्या कुत्र्यांचंही तसंच, एक बुलडॉग टेबलाखालून एक्का सरकवतो म्हणून कुणी कुत्र्यांना लबाड समजत नाही. फसवणूक होते ती तुमच्या चित्रात. स्टुलावर बायबल आणि चष्मा, खाली टोपी, काठी, हे सगळं हाताने झाकून बघा. मग कुत्रा झोपाळलेलाही असू शकतो.

खडूफळा: झाकून बघितलं. पंजे बघा ना! कलासमीक्षक रस्किनने १८४३ मध्येच लिहून ठेवलंय की छाती लाकडाला घट्ट दाबलीय आणि पंजांनी धरून धरून घोंगडी खाली ओढली गेलीय. झोप आलेला कुत्रा असं करेल का?

उभीरेघ: तोच रस्किन पुढे डोळ्यातल्या आसवांबद्दलही लिहितो, ते का गाळलंत? दुःखाने आसवं गाळणं हे माणसाचं काम आहे, तिथेच चित्रकाराने हात घातला.

पायवाट: मधेच बोलतेय. आजोबा गेले तेव्हा आमची चंपी कितीतरी दिवस त्यांच्या कॉटखालीच पडून होती, भाकरी पुढे ठेवली तरी उठायची नाही. दुःख होतं की नुसता त्यांचा वास होता तिथे, ते मी नाही सांगू शकत, पण अख्खं घर मोकळं असताना ती त्या कॉटखालीच गेली. हे चित्र बघितलं की मला तीच आठवते, रडू येतं.

उभीरेघ: चंपीचं मी नाकारतच नाहीये ताई. तिला शोककर्ती असं नाव देऊन कुणी भिंतीवर टांगलं नव्हतं, एवढाच माझा मुद्दा आहे.

खडूफळा: शीर्षकाचं मान्य, आसवांचंही मान्य. पण त्या ओढलेल्या घोंगडीवर मी अडून आहे, तेवढा भाग मोठा करून एकदा बघा.