वाकेनला जमलं, मग येळ्ळूर-कडोलीच्या शिवारात का नको?

तिसरं गेट (धागाकर्ता):
आमच्या मेटलवाल्या (म्हणजे हेवी मेटल, रॉकचा जड-कर्कश प्रकार ऐकणाऱ्या) ग्रुपवर परत तोच वाद पेटला. एकानं लिहिलं, बेळगावात दरवर्षी एक ओपन एअर रॉक-मेटल फेस्टिव्हल व्हायला पाहिजे. लगेच टोमणे सुरू: "हे बेंगळूर न्हवं", "आयर्न मेडन (इंग्लंडचा जगप्रसिद्ध मेटल बँड) येणार काय हलग्याला?" तिथं कोण धड बोलू देत नाही, म्हणून इथं धागा काढतोय.

जर्मनीत हॅम्बर्गच्या वर वाकेन म्हणून खेडं आहे. वस्ती दोन हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्या येळ्ळूरच्या पासंगालाही पुरणार नाही. तिथल्याच थॉमस येन्सन आणि होल्गर ह्युबनर या दोघांनी ऑगस्ट १९९० मध्ये गावाजवळच्या खडीच्या खाणीत पहिला फेस्टिव्हल भरवला. सहा बँड, सगळे जर्मन, त्यातला एक खुद्द येन्सनचा. माणसं आली आठशेच्या घरात. पुढची काही वर्षं खिशाला खारच लागला. आज तिथं ८५ हजार लोक येतात आणि पुढच्या वर्षीची तिकिटं काही वेळा तर काही तासांत संपली आहेत.

आयर्न मेडनचा मुद्दा काढणाऱ्यांनी एवढंच बघावं, की सुरुवातीला तिथंही कोणी मोठा आला नव्हता. फेस्टिव्हल धरून ठेवला तो गावानं. शेतकरी रानं देतात, आयाबाया अंगणात टेबलं मांडून नाश्ता विकतात, आणि गावच्या अग्निशमन दलाचा ब्रास बँड मेटलवाल्यांसमोर वाजवतो. काळ्या टी-शर्टातली हजारो पोरं त्या ट्रम्पेटवर नाचतात. आणि हे आपल्याला नवीन आहे काय? कडोली, उचगाव, कुद्रेमानी, येळ्ळूर इथली साहित्य संमेलनं कोण भरवतंय? गावच. मंडप, ग्रंथदिंडी, पाहुण्यांची उठबस, जेवणाच्या पंगती, सगळं गावकरीच बघतात. ही यंत्रणा आपल्याकडे तयार आहे, फक्त स्टेजवर कवीच्या जागी गिटार.

मार्केट यार्ड:
कवी श्रोत्यांच्या अंगावर उडी मारत नाही हो, तेवढा फरक लक्षात ठेवा.

तुम्ही एका यशस्वी गावाची गोष्ट सांगितली. इंग्लंडातल्या डॉनिंग्टनचीही सांगा की. १९८० पासून तिथं मॉन्स्टर्स ऑफ रॉक व्हायचा. १९८८ मध्ये गन्स अँड रोझेस वाजवत असताना चिखलात रेटारेटी झाली, दोन पोरं गेली. पुढच्या वर्षी फेस्टिव्हलच झाला नाही. डेन्मार्कच्या रॉस्किल्डला २००० साली पर्ल जॅम बँड वाजवताना नऊजण चेंगरले. हे देश नियोजनात आपल्या पुढं आहेत म्हणतात. आपल्याकडे ४ जून २०२५ ला बेंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगरून ११ जण गेले, त्यानंतर कुठला अधिकारी सही करेल?

आणि "गावाचा फेस्टिव्हल" हे आता अर्धसत्य आहे. वाकेनमध्ये सुपरस्ट्रक्ट कंपनीचा पैसा आहे, आणि ती कंपनी २०२४ मध्ये केकेआर या अमेरिकन गुंतवणूकदारांनी घेतली. ट्रम्पेट गावाचा, गल्ला दुसऱ्याचा.

डबल बास:
@मार्केट यार्ड, उदाहरणं खरी आहेत, पण त्यातून "करूच नका" कसं निघतं? २०११ चं बघा. गुडगावात मेटालिकाचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, पब्लिकनं स्टेजची मोडतोड केली, आयोजक आत गेले. दोनच दिवसांनी तोच बँड बेंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर व्यवस्थित वाजला. देश तोच, बँड तोच. गुडगावात स्टेजपुढचं बॅरिकेडच टिकलं नव्हतं.

आपल्या देशात हा प्रकार कालचा नाही. मुंबईत रंगभवनला १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक व्हायचा, तोही उघड्यावर. बाजूला कॉलेज आणि हॉस्पिटलं, त्यामुळं शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवन गेलं आणि फेस्टिव्हलचं हक्काचं घरच सुटलं. बेंगळूर ओपन एअर २०१२ मध्ये वाकेनवाल्यांच्या साथीनं सुरू झाला, पहिल्याच वर्षी जर्मनीचा क्रिएटर बँड आला. २०१९ मध्ये दिल्लीचा ब्लडीवूड बँड ढोल घेऊन वाकेनच्या स्टेजवर गेला. ढोल! आणि आमची पोरं अजून चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून बेंगळूरला जायलेत आणि बिनझोपेची परत यायलेत.

कपिलेश्वर रोड:
रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, असा २००० सालचा केंद्राचा नियम आहे. राज्य सरकार वर्षातले १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सणासुदीला. ते दिवस गणपती-नवरात्रातच संपतात. तुमचे मेटलवाले दहाला तर मेकअप करून तयार होतात.

डबल बास:
विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी चालते, तेव्हा घड्याळ कुठं असतं?

कपिलेश्वर रोड:
ती मिरवणूक आहे. टिळकांनी १९०५ मध्ये झेंडा चौकात बसवलेल्या गणपतीपासूनची. तिची तुलना ह्या आरडाओरड्याशी करायची असेल तर माझ्याकडून राम राम.

तिसरं गेट:
अहो राग कशाला. दहाच्या आत आटपू. दुपारी तीनला सुरू केलं तर सहा बँड आरामात बसतात.

शिवारकर:
एवढ्या वेळचं वाचायलोय, रान कुणाचं ह्यावर कोणच बोलंना.

सगळ्यांना वाटतं भात निघालं की शिवार मोकळं. आमच्याकडं मोकळं नसतं ओ. शहापूर-येळ्ळूरच्या काळ्या रानात भाताच्या ओलीवरच मसूर, वाटाणा, हरभरा पडतो. रान रिकामं बघायचं असेल तर फाल्गुन उजाडावा लागतो. तुम्ही डिसेंबरात गारव्याला म्हणून स्टेज ठोकणार आणि आम्ही मसूर कुठं पेरायची, गच्चीवर?

दुसरं, माती. काळं रान हजार माणसांनी दिवसभर तुडवलं, वर जनरेटरचे ट्रक गेले, की खाली असं दबतं की पुढच्या नांगरटीला ढेकळं फुटत नाहीत. वाकेनचंच वाचा. बिअरचे ट्रक फिरून रान खराब होतंय म्हणून २०१७ मध्ये त्यांनी सुमारे ७ किलोमीटरची बिअरची पाइपलाइन जमिनीखाली घातली. लोक हसले, पण मला ती गोष्ट एकदम पटली. २०२३ मध्ये तिथं एवढा पाऊस झाला, की गाड्या ट्रॅक्टरनं ओढायला लागल्या. ८५ हजारांचा फेस्टिव्हल, ५० हजारांवरच दारं बंद केली आणि उरलेल्यांचे पैसे परत दिले. तुमच्या ग्रुपकडे परत द्यायला पैसे आहेत काय? बायपासच्या भूसंपादनापायी इथल्या शेतकऱ्यांनी काय सोसलंय ते सगळ्यांना माहीत आहे. "विकासासाठी रान द्या" हे वाक्य आमच्यापुढं जपून काढा.

गोवावेस:
सगळं ठरलं तरी परवानगीच्या अर्जात भाषा काढतील. नोव्हेंबर एकपासून (त्यांचा राज्योत्सव, आपला काळा दिन) वातावरण तापलेलं असतं, डिसेंबरात सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन, पोलीस सगळे तिकडं. आणि फलकावर कन्नड किती, मराठी किती, ह्यावरच पहिला दगड पडेल.

डबल बास:
मेटलचे लोगो तसेही कुणाला वाचता येत नाहीत. ना मराठीत, ना कन्नडात. (सिरियसली सांगायचं तर आमच्या ग्रुपात निम्मी पोरं कन्नड बोलतात, एकाच ड्रमकिटवर भांडण नाही.)

तिसरं गेट:
@शिवारकर, एवढं नेमकं आजवर कोणच बोललं नव्हतं. मग असं म्हणतो: काळं रान नकोच. वाकेनचं पहिलं वर्ष खाणीत झालं, आपणही मुरमाड माळ किंवा बंद पडलेली खडीची खाण धरू. मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा. पाचशेच्या वर माणसं घ्यायची नाहीत, सगळे बँड बेळगाव, कोल्हापूर, गोवा, हुबळीचे. जागेचं भाडं आधी, कार्यक्रम नंतर. नाश्त्याचे स्टॉल गावच्या बचत गटांना. आणि कंपनी येते म्हणाली तर आधी गावाला विचारायचं, @मार्केट यार्ड ह्यांच्यासाठी.

मार्केट यार्ड:
पाचशेला माझा विरोध नाही. पाच हजार झाले की पुन्हा लिहीन. खाणीला कठडा लागेल, अँब्युलन्सला वेगळी वाट लागेल. ते कागदावर दाखवा.

शिवारकर:
मुरमाड माळ असेल तर माझ्या चुलत्याकडं विषय काढून बघतो. पण मार्चात आमच्याकडं विहिरी तळ गाठतात. पाचशे माणसांना पाण्याचा टँकर कोण आणणार, तेवढं आधी लिहा.