इन्सर्टच्या दोन दांड्या: कोणती, केव्हा, किती बंद करायची?

वाटसरू:
जुन्या फायरप्लेसमध्ये लाकडावर चालणारा इन्सर्ट, म्हणजे आत बसणारी काचेच्या दाराची बंद शेगडी, बसवून घेतलाय. हवा कमी-जास्त करायला दाराखाली एक दांडी, काचेच्या वर दुसरी. दोन्ही उघड्या ठेवल्या की लाकडं भराभर जळून जातात. रात्री दोन्ही जवळपास बंद करून झोपतो, तर सकाळी काच काळीकुट्ट आणि ओंडके अर्धवट जळालेले. मॅन्युअलमध्ये 'प्राथमिक हवा' आणि 'दुय्यम हवा' एवढंच आहे. कोणती केव्हा बंद करू?

सांजवात:
आधी रात्रीचं बोलते. हवा तोडून लाकूड रात्रभर धुमसत ठेवणं आजपासून बंद करा, अगदी कळकळीनं सांगतेय. लाकूड तापलं की त्यातून जळाऊ वायू सुटतात आणि निम्म्याहून जास्त उष्णता त्यांच्यातच असते. ते नीट जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, शिवाय हवा. हवाच मिळाली नाही तर ते तसेच धुराड्यात चढतात आणि थंड भिंतीवर डांबरासारखे चिकटतात. तुमच्या काचेवर जे दिसतंय तेच वरही साचत असणार. पुढे कधी मोठा जाळ झाला की तो थर पेट घेऊ शकतो.

आता दांड्या. बहुतेक इन्सर्टमध्ये खालची हवा जाळीतून थेट निखाऱ्यांना मिळते, ती प्राथमिक. वरची तापून काचेवरून खाली उतरते. ती काच स्वच्छ ठेवते आणि वायूही जाळते. तुमच्याकडे असंच आहे का ते पाहा: जाळ चांगला धरला की खालची दांडी अर्धा मिनिट बंद करा. बुडाशी जोर ओसरला आणि वरच्या ज्वाळा टिकल्या, तर तीच प्राथमिक.

पेटवताना दोन्ही पूर्ण उघड्या. मोठ्या लाकडांच्या कडा काळ्या पडून सगळीकडून ज्वाळा निघायला लागल्या की खालची अर्ध्यावर आणा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग पूर्ण बंद करा. पुढचा सगळा कारभार वरच्या दांडीवर. तीही हळूहळू कमी करायची, पण जाळ चालू असताना पूर्ण बंद कधीच नाही.

किती कमी, हे खुणा करून ठरवू नका. रोजचं लाकूड वेगळं, बाहेरची थंडी वेगळी, धुराड्याची ओढ वेगळी. ज्वाळेकडे बघा. ती पिवळी आणि सावकाश लहरणारी हवी. शेंडे गडद लाल होऊन काजळी धरू लागले की दांडी थोडी उघडा. घरघर आवाज करत जाळ वर खेचला जात असेल तर कमी करा. आतल्या विटाही सांगतात: फिकट राहिल्या तर धग पुरेशी आहे, काळ्या पडल्या तर नाही.

नवं लाकूड निखाऱ्यांवरच टाका, आणि प्रत्येक वेळी खालची दांडी थोडा वेळ पुन्हा उघडा. झोपायच्या आधी मात्र मोठा भार भरू नका.

उंबरठा:
वरच्या उत्तराशी सहमत. पण लाकूड ओलं असेल तर दांड्यांशी कितीही खेळा, उपयोग नाही. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर ओलावामापकानं मोजा. बाहेरून मोजलं तर आकडा फसवा येतो.

वाटसरू:
मोजलं, आत २७ निघालं! खालची दांडी पण तुम्ही म्हणता तशीच निघाली. अजून एक, लाकूड टाकायला दार उघडलं की धूर खोलीत येतो.

सांजवात:
२७ म्हणजे ते लाकूड फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी मोकळं ठेवून वाळू द्या. वर्षभर तरी लागेल, कठीण लाकडाला जास्तही. दार उघडण्याआधी दोन्ही दांड्या पूर्ण उघडा, मिनिटभर थांबा, मग दार चिरभर करून सावकाश उघडा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर बंद करा, तो हवा उलटी खेचतो. तरीही धूर आला तर जुनं धुराडं इन्सर्टला फार रुंद पडत असेल. आत लायनर, म्हणजे धुराड्याच्या आतून जाणारी अरुंद नळी, घातलाय का, ते बसवणाऱ्याला विचारा. आणि इतके दिवस धुमसवलंय, तेव्हा पुढचा जाळ करण्याआधी धुराडं साफ करून घ्या. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तोही आधी लावा.